टाकलेला शब्द

कुठल्याही कचेरीच्या दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोणाकडून आलात?’ काय येतं, काय शिकलात, इतक्या उन्हात पायी का आलात, हे सगळं नंतर. आधी कोणाकडून. जणू माणूस म्हणजे कुणीतरी पाठवलेलं पार्सल. मला या प्रश्नाची मनापासून चीड आहे, आणि ती माझ्या भाचीमुळे आली असं मी सगळ्यांना सांगत असतो. खरं कारण जरा निराळं आहे. ते ओघानं येईलच.

भाचीला आम्ही बारकी म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बारकी, आणि आता पदवी घेऊन बसली तरी बारकीच. उंचीनं माझ्या खांद्याला लागत नाही. पण तिच्या वाटेला कुणी जाऊ नये. दूधवाला, वाणी, शाळेतले मास्तर, सगळ्यांना तिनं कधी ना कधी ‘परत म्हणा’ म्हणून दरडावलेलं आहे. तिला अर्धवट ऐकलेलं चालत नाही. याचं कारण तिची आई, म्हणजे माझी ताई.

ताईला ऐकू कमी येतं. बारकी दोन वर्षांची असताना ताईला मोठा ताप आला, त्यात कान गेले. अगदी सगळे नाही, पण बरेचसे. मग मेहुणेही गेले, आणि या दोघी माझ्याकडे राहायला आल्या. तीन खोल्या, तीन माणसं, आणि त्यातला मी एकटाच आरडाओरडा करणारा. ताई समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखते. पण ओठांवर ‘पीठ’ आणि ‘मीठ’ सारखंच दिसतं, हे मला कुठं ठाऊक होतं? मी पीठ आणायला सांगावं आणि तिनं मीठ आणावं, असं दोनदा झालं तेव्हा मी चिडलो. सात वर्षांची बारकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मामा, तू दळलेलं पीठ म्हण ना. मग चुकणार नाही ती.” ते पोर त्या वयात आईसाठी शब्द निवडून ठेवत होतं.

ताईच्या कानात मशीन आहे. ते बनवणारी कंपनी आमच्याच शहरात, टायरच्या गोदामांच्या मागच्या रस्त्याला आहे. दुमजली इमारत, खाली कानाच्या मापाचे साचे करतात, वर तपासणी. वर्षातून एकदा ताईला तिथं न्यावं लागतं. एका खोलीत बसवतात, भिंतींना जाड गाद्यांसारखं काहीतरी लावलेलं, बाहेरचा आवाज आत येत नाही. कानाला हेडफोन लावतात, एक बाई काचेपलीकडून पंचवीस शब्द म्हणते आणि आपण ऐकला तो शब्द परत म्हणायचा. पंचवीसपैकी किती बरोबर, त्यावर मशीनचा आवाज ठरतो.

एका वर्षी मी आणि बारकी काचेपाशी उभे होतो. बाईंनी म्हटलं, “नौका.” ताई म्हणाली, “नको का?” बाईंनी चुकीची फुली मारली. मग “ध्वज.” ताई म्हणाली, “वजन.” चूक. मग “क्षितिज.” ताईनं आमच्याकडे पाहिलं आणि हात हलवला. पंचवीसपैकी अकरा. मशीनचा आवाज वाढवला, आणि पुढचे सहा महिने ताईचं डोकं ठणकत राहिलं. भांडं पडलं तरी ती दचकायची.

मी तेव्हा तिथल्या तिथं भांडलो असतो, पण बारकीनं माझा हात दाबला. घरी येताना ती म्हणाली, “मामा, आपल्या घरात नौका कोण म्हणतं? तिला ऐकू आलं नाही असं नाही. तिला तो शब्दच ओळखीचा नाही. ही कानाची परीक्षा नाहीच, पुस्तकांची आहे.” ती तेव्हा बारावीला होती. त्याच दिवशी तिनं ठरवलं की शिकायचं तर हेच, आणि काम करायचं तर त्याच इमारतीत.

आणि शिकली. ऐकणं-बोलणं याच विषयात पदवी घेतली. शेवटची दोन वर्षं रोज दुपारी ती सरकारी इस्पितळाच्या कानाच्या विभागाबाहेर बाकावर बसायची. नंबर लागायची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यांना शब्द म्हणून दाखवायची, ते काय ऐकतात ते वहीत लिहायची. साल आणि शाल. गाल आणि गाळ. वेल आणि वेळ. कुणी कंटाळून उठून जायचे, कुणी आपल्या सुनेच्या तक्रारी सांगायचे, तरी हिची वही भरतच गेली. त्यातून तिनं पंचवीस-पंचवीस शब्दांच्या चार याद्या केल्या. सगळे शब्द असे की अंगठाछाप बाईच्याही रोजच्या तोंडातले. चमचा, खिळा, सुई, दार. तिच्या सरांनी वही पाहून ‘छान’ म्हटलं आणि परत दिली. छान म्हणायला काय जातं?

आता कंपनीत जायचं कसं? कंपनीच्या फाटकावर पाटी आहे, ‘जागा रिकाम्या नाहीत’. खडूनं लिहिलेली नाही बरं का. ऑइलपेंटनं, कडेला वेलबुट्टी काढून. म्हणजे जागा कधी रिकामी होऊच नये अशी तयारी! उद्या आतली निम्मी माणसं नोकरी सोडून गेली तरी पाटी तशीच. माझं डोकं फिरलं ती बघून. बारकी मात्र म्हणाली, “मी जागा मागतच नाहीये. माझ्याकडे काय आहे ते सांगणार आहे.”

तिनं पत्र लिहिलं. दोन पानी. पहिल्या पानावर तुमचं मशीन माझ्या आईला वीस वर्षं कसं उपयोगी पडलं ते, आणि दुसऱ्यावर तुमची यादी कुठं चुकते ते. मी वाचून कपाळाला हात लावला.

“अगं, नोकरी मागतेस का भांडण उकरतेस?”

“मामा, त्यांची अडचण दाखवलीच नाही, तर माझा उपयोग काय ते त्यांना कळणार कसं?”

उत्तर आलं नाही. दुसरं पत्र पाठवलं, त्याचंही नाही. मग एक दिवस ती स्वतःच गेली. फाटकावर वही असते. नाव, वेळ, आणि तिसरा रकाना, ‘कोणाकडून’. तिनं तो मोकळा सोडला. वॉचमन म्हणाला, मोकळा ठेवायचा नाही. तिनं लिहिलं, ‘स्वतःकडून’. वॉचमननं चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि आत फोन लावला, “एक मुलगी आलीय. कुणाचीच नाही.”

कुणाचीच नाही! हे तिनं घरी हसत हसत सांगितलं, पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. चार वर्षं शिकलेली, दोन वर्षं इस्पितळाच्या बाकावर झिजलेली मुलगी, आणि ती कुणाचीच नाही? का, तर तिच्या मागे कुणी वजनदार माणूस उभा नाही! आत समोरच्या टेबलावरच्या बाईनं तिनं नेलेलं पत्राचं पाकीट घेऊन एका ट्रेमध्ये टाकलं. पुढच्या खेपेला बारकीनं पाहिलं, तिचं पाकीट त्याच ट्रेमध्ये, त्याच जागी, वर चहाच्या कपाचा गोल डाग. ती तिसऱ्यांदाही गेली. मी म्हटलं, “कोणीतरी शब्द टाकल्याशिवाय काही हलणार नाही.” ती म्हणाली, “मामा, माझ्याकडे शंभर शब्द आहेत.” आणि लगेच बोट दाखवून, “तू यात पडायचं नाहीस हं.” मी म्हटलं, नाही पडत.

त्यानंतरची हकिकत मला नंतर कळली, आणि हीच तर रड आहे. ताईच्या तपासणीची तारीख आली. मला कामावरून सुटी मिळाली नाही, म्हणून दोघीच गेल्या. तपासणी करायला त्या दिवशी विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांना तिथं सगळे मोठ्या बाई म्हणतात. हाडकुळ्या, पांढऱ्या केसांच्या, कधी न हसणाऱ्या. त्यांनी यादी वाचली. नौका, ध्वज, क्षितिज. ताईचे बारा आले. बारकी काचेपाशी गेली आणि म्हणाली, “बाई, एकदा ही यादी म्हणून बघाल का? पाच मिनिटं लागतील.”

मोठ्या बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. कोण तू, कुठली, काही विचारलं नाही. ताईला ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि यादी म्हटली. पंचवीसपैकी एकवीस. बाईंनी दुसरी यादी मागितली. वीस. मग त्यांनी मशीनचा आवाज खाली आणला आणि तिसरी म्हटली, तरी वीस. ताई सांगते, त्या खोलीत इतकी वर्षं गेली, पण डोकं न दुखता ती पहिल्यांदाच बाहेर आली.

मोठ्या बाई म्हणाल्या, “कुणी पाठवलं तुला?”

“कुणी नाही. मी तीनदा येऊन गेले. खाली ट्रेमध्ये माझं पत्र आहे.”

बाईंनी ते पत्र मागवून तिथंच उभ्यानं वाचलं, डागासकट. म्हणाल्या, “सोमवारी ये. सगळ्या वह्या घेऊन ये. मालकांशी मी बोलते. मला असं माणूस हवंय.”

झालं होतं! काम झालं होतं, तिच्या स्वतःच्या हिमतीवर. पण दोघींनी ठरवलं, सोमवारपर्यंत मामाला सांगायचं नाही. ताई म्हणाली, याच्या तोंडात तीळ भिजत नाही, खात्यात सगळ्यांना सांगत सुटेल. आता यात खोटं काय? मी सांगत सुटलोच असतो.

मी पाणीखात्यात तक्रारी लिहून घेतो. नळ कोरडा, नळाला गढूळ पाणी, रस्त्यात पाइप फुटला. सकाळपासून खिडकीसमोर रांग. त्या शनिवारी रांगेत एक बाई चौथ्यांदा त्याच तक्रारीसाठी आली होती. माझ्या डोळ्यांसमोर बारकी आली, त्या फाटकावर तिसऱ्यांदा उभी राहिलेली. राग आवरेना. खिडकी लावली आणि सरळ आमच्या साहेबांच्या खोलीत गेलो. साहेबांचे मेव्हणे आणि त्या कंपनीचे मालक रोज सकाळी बरोबर फिरायला जातात, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मी म्हटलं, “साहेब, भाची आहे. हुशार आहे. जरा शब्द टाकाल का?”

“अरे, त्यात काय, टाकतो की!” साहेबांनी माझ्यासमोरच फोन उचलला.

मी छाती काढून बाहेर आलो. घरी काही बोललो नाही. त्या दोघी मला सोमवारी चकित करणार होत्या आणि मी त्यांना. अशी आमची हुशार माणसांची घरं.

सोमवारी मोठ्या बाई तिला मालकांच्या खोलीत घेऊन गेल्या. बाईंच्या हातात वह्या, पानापानाला खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या. बाई बोलायला लागणार तेवढ्यात मालक म्हणाले, “हां हां, हीच ना ती पाणीखात्याची? फोन आला होता. नाही कसं म्हणणार? बसवा समोरच्या टेबलावर. फोन घेईल, आल्यागेल्याशी हसून बोलेल.”

समोरच्या टेबलावर! जिथं तिच्या पत्रावर चहाचा कप ठेवला होता, त्या टेबलावर! मालकांनी वह्या उघडल्यासुद्धा नाहीत. का उघडतील? त्यांच्या लेखी मुलगी म्हणजे एका फोनची परतफेड, आणि परतफेड जेवढी हलकी तेवढी बरी. असल्या लोकांच्या हातात कानांचा कारखाना, आणि ऐकायची तयारी शून्य.

पण बारकीला ते लागलं नाही. तिला लागलं ते बाहेरच्या व्हरांड्यातलं. मोठ्या बाईंनी चिठ्ठ्या एक एक करून काढल्या, वह्या तिच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, “तू मला सांगितलंस, कुणी पाठवलं नाही.”

“नाहीच पाठवलं, बाई.”

“मग फोन काय आकाशातून आला? माझ्याकडे अशी फोनवरून आलेली दोन माणसं आहेत. एकाला अजून उजवा कान कुठला ते विचारावं लागतं. मला वाटलं, तू तशी नाहीस.” आणि बाई आत निघून गेल्या.

बारकी घरी आली तेव्हा मी चहा टाकून बसलो होतो. दार उघडल्या उघडल्या म्हटलं, “काय मग? झालं ना काम?”

तिनं विचारलं, “मामा, फोन तू करवलास?”

मी हसलो. देवा, मी हसलो! “अगं, मग मामा कशाला असतो?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं वह्या टेबलावर ठेवल्या आणि काय झालं ते सगळं पहिल्यापासून सांगितलं, तपासणीचा दिवस धरून. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. मी ऐकलं आणि उसळलो. मालकाला शिव्या घातल्या, मोठ्या बाईंना घातल्या, त्या ट्रेवाल्या बाईला घातल्या. “उद्या जातो आणि एकेकाला बघतो! समजतात काय स्वतःला?” असं बरंच. बराच वेळ.

ताई माझ्या ओठांकडे बघत होती. मग तिनं टेबलावर थाप मारली.

“बस. बारा माणसांना शिव्या दिल्यास. तेरावा राहिला.”

मी थांबलो.

“मला ऐकू येत नाही म्हणून वीस वर्षं लोक माझ्या वतीनं बोलतात,” ताई म्हणाली. तिला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही, तो सगळ्या मजल्याला ऐकू गेला असेल. “डॉक्टर मला सोडून तुला विचारतात. वाणी तुला विचारतो. मी तिथं उभी असते. मी ते सोसलं, माझे कान नाहीत. हिला तोंड आहे ना? हिच्या वतीनं बोलायला तुला कुणी सांगितलं?”

“ताई, मी भल्यासाठी…”

“तुझ्याही भल्यासाठीच आपल्या काकांनी पाणीखात्यात शब्द टाकला होता. खात्यात तुला अजून नावानं कोण हाक मारतं सांग. काकांचा पुतण्या म्हणतात. सव्वीस वर्षं झाली.”

हे खरं आहे. हेच ते निराळं कारण. खात्यातल्या भरतीच्या परीक्षेत मी कदाचित स्वतःहून पासही झालो असतो, पण ते कधी कुणाला कळलंच नाही, मला तर नाहीच नाही. खिडकीत बसून जगावर चिडायला मी त्यामुळेच शिकलो असेन. आणि नेमकं तेच उचलून मी पोरीच्या पदरात टाकलं.

बारकी म्हणाली, “टेबलावरची जागा नको असं मी उद्या मालकांना लिहून देते. तू तुझ्या साहेबांना सांग.”

सांगितलं. साहेब म्हणाले, “म्हणजे आम्ही तोंडघशी पडायचं का?” मी म्हटलं, “हो साहेब.” आजवर मी त्यांना असं कधी बोललो नव्हतो. त्यांनी त्यानंतर मला खोलीत बोलावलेलं नाही.

पण मला चैन पडेना. बारकीनं मालकांना नकार दिला होता, मोठ्या बाईंकडे मात्र ती गेली नाही. वह्या कपाटावर. दुपारी इस्पितळात जाणंही बंद. जिच्या ‘परत म्हणा’नं घर दणाणायचं, ती पोरगी दोनदा न ऐकता ‘हं’ म्हणाली. बाईंना खरं काय ते कळायलाच हवं, की पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आठवड्यानंतर मी अर्धी रजा टाकली आणि गेलो.

मोठ्या बाई जिन्यात भेटल्या. मी एका दमात सांगितलं. चूक माझी, फोन माझा, मुलगी बिचारी निर्दोष, हुशार, तिच्यावर अन्याय झाला. बोलता बोलता माझा आवाज चढला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

मग शांतपणे विचारलं, “तिनं पाठवलं तुम्हाला?”

“नाही हो! तिला माहीतसुद्धा नाही.”

“म्हणजे तुम्ही परत तेच करताय.”

खरंच की. परत तेच. तोच मी, त्याच तावातावानं, तिच्या जागी उभा राहून बोलत होतो.

बाई दोन पायऱ्या वर चढल्या आणि थांबल्या. “तिला काही सांगायचं असेल तर तिनं यावं. मी ऐकेन. पण तुम्ही पाठवलं म्हणून आली, तर मला लगेच कळेल. पंचवीस वर्षं माणसं ऐकण्याचंच काम करतेय मी.”

मी घरी आलो, आणि तिथून पुढे माझी जी दशा झाली ती वैऱ्याची होऊ नये. दार उघडं आहे हे मला ठाऊक, आणि जिला त्या दारातून जायचंय तिला ते सांगायची मला सोय नाही! सांगितलं की ती माझ्याकडून आलेली होणार. मी जेवताना गप्प. चहा पिताना गप्प. ताईनं दोनदा विचारलं, ताप आहे का. एकदा तर शब्द अगदी ओठांवर आला होता, तो खोकल्यात घालवला. मोठ्या बाईंचा राग आला, मालकाचा आला, माझ्या या जिभेचा तर इतका आला की विचारू नका.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सकाळी बारकीनं कपाटावरून वह्या काढल्या, धूळ पुसली, पिशवीत भरल्या. मी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. एक अक्षर वाचत नव्हतो.

“मी मोठ्या बाईंकडे जाऊन येते,” ती म्हणाली. “ऐकतील न ऐकतील. पण मी खोटं बोलले नव्हते, हे मीच सांगायला हवं ना?”

मी मान हलवली.

चपला घालता घालता ती थांबली. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, “मामा, तुला काही सांगायचंय का?”

“नाही,” मी म्हटलं.

“परत म्हण.”

“नाही गं बाई, काही नाही. जा तू.”